पाच किलोचं डोकं आणि सोळा तासांचा प्रवास

पुण्याजवळच्या मांजरीतून अमेरिकेला निघालेला माणूस आधी मुंबईला निघतो. लोहगावचा विमानतळ तसा जवळ, पण तिथून अमेरिकेला थेट विमान नाही. म्हणून सोसायटीच्या फाटकाशी गाडी लागते आणि वजनकाट्यावर तीनतीनदा तोललेल्या २३ किलोच्या बॅगा डिकीत चढतात. त्यांत भाजणी असते, मेतकूट असतं, डिंकाचे लाडू असतात. कुणी लेकीच्या बाळंतपणाला निघालेलं असतं, कुणी नातवंडांकडे सहा महिन्यांसाठी. आणि हातातल्या पिशवीच्या बंदाला हमखास एक उशी लटकलेली असते, घोड्याच्या नालेसारखी, एका बाजूनं उघडी. गेल्या काही वर्षांत हडपसर-मांजरीच्या पट्ट्यातल्या घराघरांत ती आली आहे. बहुतेकांनी ती निघायच्या आदल्या आठवड्यात, रंग बघून आणि बोटानं दाबून, ‘मऊ आहे’ म्हणून घेतलेली असते.

मला या उशीचं फार अप्रूप आहे. एवढीशी वस्तू, पण ती का लागते आणि कशी असावी हे विचारायला गेलं, की मानेचे मणके, झोपेचे टप्पे, हवेचा दाब आणि ‘नासा’ची प्रयोगशाळा असं सगळं एकापाठोपाठ एक पुढे येतं. आणि सगळं बघून झाल्यावर कळतं, की ‘मऊ आहे का?’ हा प्रश्न या उशीला विचारायचा नव्हताच. विचारायचं होतं ते हे, की माझी मान झोपेत जे काम सोडून देणार आहे, ते ही उशी करेल का?

मान दिवसभर कोणतं काम करते, तिथून सुरुवात करू. मोठ्या माणसाचं डोकं साडेचार ते पाच किलो भरतं. मांजरीत १९९७पासून राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, त्यामुळे निर्यातीची द्राक्षं इथल्या लोकांना नवी नाहीत. युरोपला जाणारी द्राक्षांची पेटीही साडेचार-पाच किलोचीच असते. तशी एक भरलेली पेटी प्रत्येकजण सकाळी उठल्यापासून रात्री आडवं होईपर्यंत मानेवर तोलून फिरतो. वाकतो, वळतो, रस्ता ओलांडताना झटक्यात मागे बघतो. वजन जाणवतसुद्धा नाही.

हे वजन पेलायला मणके किती, तर सात. जिराफाच्या पुरुषभर उंचीच्या मानेतही सातच आहेत आणि उंदराच्या मानेतही सातच. सस्तन प्राण्यांत स्लॉथ आणि मॅनटी हे अपवाद सोडले तर निसर्गानं हा आकडा सहसा बदललेला नाही. मान लांब करायची झाली तर त्यानं मणका लांब केला, नवा मणका घातला नाही. माणसाच्या या सातांतले वरचे दोन खास आहेत. पहिल्याचं नाव ॲटलास. कवटी त्यावर टेकलेली असते आणि ‘हो’ म्हणताना आपण तिथे हलतो. त्याच्या खालचा ॲक्सिस, त्याला वर एक खुंटी असते. ‘नाही’ म्हणताना ॲटलास त्या खुंटीभोवती फिरतो. मान डावी-उजवीकडे जेवढी वळते, त्यातलं जवळपास निम्मं वळणं या एकाच सांध्यात होतं.

आता यातली खरी गंमत. कवटी ॲटलासवर जिथे टेकते, ती जागा डोक्याच्या मधोमध नाही, थोडी मागे आहे. चेहरा, जबडा, दात हे सगळं वजन पुढच्या बाजूला पडतं. म्हणजे डोकं मुळातच पुढे पडू पाहणारी वस्तू आहे आणि मानेमागचे स्नायू त्याला दिवसभर मागून धरून ठेवतात. हे आत्ता बसल्या जागी तपासता येईल. ताठ बसा, दोन बोटं मानेच्या मागे, कवटीच्या खालच्या कडेला ठेवा आणि हनुवटी सावकाश दोन इंच पुढे-खाली न्या. बोटांखाली मणक्याच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्या घट्ट होताना जाणवतील. मोबाइल बघताना आपण असंच वाकतो, आणि त्या पट्ट्या तेवढा वेळ तशाच ताणलेल्या असतात.

जागेपणी हे चालतं. मग झोप येते.

झोप म्हणजे नुसते डोळे मिटणं नव्हे, स्नायूंचा ताण टप्प्याटप्प्यानं उतरणं. डुलकी लागताच मानेमागचे स्नायू सैल पडू लागतात, डोकं पुढे कलतं, एका क्षणी जोरात खाली जातं आणि शरीर दचकून जागं होतं. एसटीत, लोकलमध्ये, दुपारच्या व्याख्यानात हे आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. पण याच्याही पुढे एक टप्पा आहे. १९५३ साली शिकागो विद्यापीठात युजीन असेरिन्स्की आणि नॅथॅनिएल क्लाइटमन यांनी नोंदवलं, की झोपलेल्या माणसाचे डोळे मिटल्या पापण्यांआड अधूनमधून वेगानं हलतात. इंग्रजी आद्याक्षरांवरून या झोपेला ‘रेम’ म्हणतात. ठसठशीत स्वप्नं बहुतेक याच वेळात पडतात. १९५९च्या सुमारास फ्रान्समधल्या लियाँ शहरात मिशेल जूव्हे यांनी मांजरांवर काम करताना दाखवलं, की या टप्प्यात मेंदू जागेपणाइतका कामात असतो आणि मानेचे स्नायू मात्र पूर्ण ढिले पडलेले असतात. नुसते दमलेले नव्हेत, मेंदूच्या देठातून येणाऱ्या हुकुमानं बंद केलेले. स्वप्नात आपण धावतो, पण पाय पलंगावरून हलत नाहीत, ते यामुळेच.

मोठ्या माणसाच्या झोपेचा पाचवा-चौथा हिस्सा ही रेमची झोप असते आणि पहिली खेप साधारण दीड तासानं येते. विमानात बसल्या-बसल्या झोपणाऱ्याची अडचण इथे आहे. आडवं झोपणाऱ्याचं डोकं गादीवर असतं, स्नायू बंद झाले तरी बिघडत नाही. बसलेल्या माणसाचे स्नायू बंद झाले, की पाच किलोचं वजन सात मणक्यांवर बेवारस उरतं. ते पडतं, जाग येते, पुन्हा डोळा लागतो, पुन्हा पडतं. उतरल्यावर लोक म्हणतात, “झोप झाली, पण झोपल्यासारखं वाटलं नाही.” रात्रभर डुलक्या मिळालेल्या असतात, डुलकीच्या पलीकडे जायला मानेनं दिलेलं नसतं.

बाकीचे प्राणी याला काय करतात? गाय उभ्या-उभ्या, रवंथ करता करता डुलक्या घेते. घोडा तर पायांचे सांधे अडकवून उभा झोपू शकतो. पण रेमच्या झोपेसाठी दोघांनाही खाली बसावं-आडवं व्हावं लागतं, उभ्यानं ती झोप येत नाही. मांजरी खुर्दकडे किंवा नदीकाठच्या एखाद्या मळ्यात गोठा दिसला, तर बसलेलं वासरू नीट पाहा. पाय पोटाशी घेतलेले असतात आणि मान संपूर्ण मागे वळवून डोकं स्वतःच्याच कुशीवर ठेवलेलं असतं. कान सैल पडलेले असतात, मिटल्या डोळ्यांखाली मधूनच बुबुळ हलतं. जिराफही हेच करतो. एवढी लांब मान कमानीसारखी मागे वळवून तो डोकं आपल्या मागच्या मांडीवर टेकवतो, काही मिनिटं गाढ झोपतो आणि उठतो. ज्याला आपलं डोकं ठेवायला आपलंच अंग पुरतं, त्याला उशी लागत नाही. आपली मान तेवढी वळत नाही. खांदा आणि गाल यांच्यामध्ये कायम एक फट राहते. प्रवासाच्या उशीचं सगळं शास्त्र त्या फटीत आहे.

बसून झोपण्यावर विमानशास्त्रातल्या लोकांनी बराच विचार केला आहे. १९८७ साली ब्रिटनमधल्या निकल्सन आणि स्टोन या संशोधकांनी तीन प्रकारच्या आसनांवर माणसं झोपवून पाहिली. एकाची पाठ उभ्या रेषेपासून १७.५ अंश कललेली होती, दुसऱ्याची ३७ आणि तिसऱ्याची ४९.५. पहिल्या आसनात झोप खराब झाली. पाठ ४० अंशांच्या आसपास किंवा त्याहून जास्त कलली, तर मात्र झोप पलंगाच्या बरीच जवळ जाते, असा त्यांचा निष्कर्ष होता. स्वस्त वर्गातल्या आसनाची पाठ बटण दाबल्यावर चार-पाच इंच मागे जाते. म्हणजे आपल्या वाट्याला येतो तो जवळपास पहिल्याच आसनाचा कोन. कोन विकत घेणं सगळ्यांना परवडत नाही. बिझनेस वर्गाचं तिकीट म्हणजे मुख्यतः त्या कोनाचे पैसे. उरलेल्यांनी मानेची सोय करायची.

तासन्‌तास ताठ बसायची वेळ आपल्याकडे पूर्वी ज्यांच्यावर यायची, त्यांनीही शरीराला टेकू शोधले होते. योगनृसिंहाची मूर्ती आठवून पाहा. दोन्ही गुडघ्यांभोवती एक पट्टा बांधलेला असतो, तो योगपट्ट. गुडघ्यांचा भार पट्टा घेतो आणि पाठीला विसावा मिळतो. सज्जनगडावर समर्थ रामदासांच्या वस्तूंमध्ये कुबडी आहे. जपाला बसलेल्या माणसानं बगलेखाली किंवा हाताखाली घ्यायचा तो आखूड दांडा, वर आडवी मूठ असलेला. यातलं काहीच मऊ नाही. पट्टा ताणलेला, कुबडी टणक. पण भार नेमका कुठे येतो हे ओळखून टेकू तिथेच दिलेला आहे. विमानातल्या उशीकडे मी याच नजरेनं बघायला सांगेन.

त्या नजरेनं पाहिलं, की बाजारातल्या बहुतेक नालेसारख्या उशांचा दोष चटकन दिसतो. त्या मानेच्या मागे सर्वांत जाड असतात आणि पुढे, हनुवटीखाली, उघड्या. मागे मान आधीच आसनाला टेकलेली असते, तिथे जाडी नकोच. उलट मागची जाड गुंडाळी डोक्याला आणखी पुढे ढकलते, म्हणजे जिकडे ते पडू पाहत होतं तिकडेच. आणि पुढे जिथे ते पडणार, तिथे काही नाही. म्हणूनच ही उशी उलटी, तोंड मागे करून घातली, तर पुष्कळ जणांना एकदम बरं वाटतं. जाड भाग हनुवटीखाली येतो आणि मान मागे आसनाला सरळ टेकते. हा काही नवा शोध नव्हे, नेहमी उडणारे लोक हे करत आले आहेत. पण कारण कळल्यावर उशी निवडणं सोपं होतं. मागे पातळ, बाजूंना उंच, पुढे बंद होणारी. पुढची दोन टोकं एकमेकांना अडकवायला बंद किंवा बटण असेल, तर उत्तम.

उंची किती, हे मात्र प्रत्येकाच्या अंगावर अवलंबून. लांब मानेच्या माणसाला बसकी उशी म्हणजे नुसता गळपट्टा. डोकं कललं की ते खांद्यापर्यंत जाणारच. आखूड मानेच्या आजींना तीच उशी कानापर्यंत येते आणि जबडा वर ढकलते. म्हणून दुकानात जाण्याआधी घरी खुर्चीत बसा, खांदे सैल सोडा, डोकं जिथपर्यंत दुखत नाही तिथपर्यंत एका बाजूला कलवा आणि घरातल्या कुणालातरी जबड्याच्या हाडापासून खांद्यापर्यंतचं अंतर टेपनं मोजायला सांगा. उशी दबल्यावर तिची बाजू एवढी उरली पाहिजे. दाबण्याआधीची उंची फसवी असते.

दबल्यावर किती उरेल, हे ठरतं आत काय भरलंय त्यावरून. आणि इथे मला सगळ्यांत जास्त रमावंसं वाटतं.

मेमरी फोम आधी घेऊ, कारण त्याचा जन्मच विमानाच्या आसनासाठी झाला. १९६६ साली चार्ल्स योस्ट नावाचा अभियंता अमेरिकेत ‘नासा’च्या एम्स संशोधन केंद्रासाठी काम करत होता. आघात झाला तर आत बसलेल्याला वाचवेल आणि एरवी लांब प्रवासात टोचणार नाही, असं आसन हवं होतं. त्यातून निघाला एक फेस. तो दाबला की हळू दबतो, सोडला की हळू वर येतो, आणि झटक्याची शक्ती परत फेकत नाही, जिरवून टाकतो. पुढे तो गाद्यांत गेला, दवाखान्यांत फार काळ अंथरुणावर असलेल्या रुग्णांच्या पाठीखाली गेला आणि फिरून विमानात आला, आसनात नव्हे तर प्रवाशाच्या गळ्यात. या फेसाचा एक गुण लक्षात ठेवण्यासारखा आहे. तो उष्णतेनं मऊ पडतो आणि गारव्यात कडक होतो. दुकानात बोटानं दाबलेला फोम आणि गार विमानात पहिल्या पाच मिनिटांतला फोम वेगळे लागतील. थोडा वेळ मांडीवर, शालीखाली ठेवला की अंगाच्या उबेनं तो तुमच्या जबड्याचा आकार घेतो. वजन घेण्यात तो आजच्या सगळ्या भरावांत मला उजवा वाटतो. वाईट एवढंच, की जागा फार खातो, आणि ज्यांना गळ्याशी घाम येतो त्यांना तो गरम होतो.

दुसरा प्रकार बारीक मण्यांचा. उशी हातात घेतली की आत सळसळतं, ती. मणी थर्माकोलच्या जातीचे, बहुतांश हवाच. पण हे तंत्र आपल्या घरांना अनोळखी नाही. तान्ह्या बाळाचं डोकं गोल राहावं म्हणून आपल्याकडे राईची उशी करायची पद्धत होती. मऊ कापडाची छोटी पिशवी, आत निवडलेली मोहरी, पाऊण भरलेली. (आताचे बालरोगतज्ज्ञ वर्षाच्या आतल्या बाळाला झोपताना कोणतीच उशी देऊ नका म्हणतात, आणि बाळंतपणाला निघालेल्या आजींनी ते ऐकावं. मला इथे त्या उशीतली मोहरी हवी आहे.) ती पिशवी तळहातावर घेतली तर पाण्यासारखी ओघळते, बोटांमधून वाट काढते. आता त्यावर मूठ दाबून धरा. काही क्षण दाणे सरकतात आणि मग एकदम सगळे एकमेकांत अडकून घट्ट होतात. तीच मोहरी, तीच पिशवी, क्षणापूर्वी वाहणारी, आता मुठीला टेकू देणारी. वाळू, धान्य, मोहरी अशा दाणेदार वस्तू मोकळ्या असताना द्रवासारख्या वागतात आणि दाटल्या की घनासारख्या. नेमकं कोणत्या क्षणी आणि का, यावर भौतिकशास्त्रात आजही जोरात काम चालू आहे. मण्यांच्या उशीचं यश-अपयश याच गोष्टीवर ठरतं. पिशवी सैल असेल तर मणी डोक्याखालून पळून दोन्ही टोकांना जमतात आणि मध्ये नुसतं कापड उरतं. पिशवीत कप्पे असतील आणि भरण दाट असेल, तर मणी अडकतात आणि डोकं पेलतात. घेताना उशी मधोमध मुठीनं दाबून दहा आकडे मोजा. मूठ आरपार जाऊन दुसऱ्या बाजूच्या कापडाला लागली तर ती घेऊ नका.

कापूस? रात्री पलंगावर त्याला तोड नाही. पण उभ्या मानेखाली कापूस बसतो, आणि विमानात त्याला उन्हात घालून पुन्हा फुलवता येत नाही. सावरीचा कापूस थोडा निराळा. फेब्रुवारी-मार्चमध्ये काटेसावर लाल फुलांनी लगडते आणि उन्हाळ्यात तिची बोंडं तडकून पांढरा कापूस वाऱ्यावर निघतो. त्याचा प्रत्येक तंतू आतून पोकळ असतो, वरून मेणचट. त्यामुळे तो हलका आणि पाण्याला दाद न देणारा. सावरीच्याच कुळातल्या कपोक झाडाचा कापूस याच गुणामुळे पूर्वी जहाजांवरच्या जीवरक्षक जाकिटांत भरत असत. सावरीची उशी गालाला सुखाची लागते, हे ज्यांच्याकडे आहे त्यांना सांगायला नको. बाजूच्या टेकूला मात्र ती ठासून भरलेली हवी.

आणि शेवटी हवा. फुगवायची उशी घडी करून खिशात मावते, स्वस्त असते, आणि वजन जवळपास शून्य. तिच्यात भरलेल्या हवेचं वागणं समजून घ्यायला मांजरी ते मुंबई हा रस्ताच पुरे आहे. पुढच्या वेळी लोणावळ्याला थांबाल, तेव्हा पाण्याची पातळ प्लॅस्टिकची बाटली रिकामी करून झाकण घट्ट लावा आणि सीटवर टाका. घाट उतरून पनवेलला याल, तेव्हा बाटलीची कूस आत गेलेली दिसेल. कुणी हात लावलेला नसतो. लोणावळा समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या वर आहे, तिथली हवा विरळ. तीच हवा बाटलीत कोंडून खाली आणली, की बाहेरची दाट हवा बाटली दाबते. लिटरच्या बाटलीतली साठ-सत्तर मिलिलिटर जागा अशी नाहीशी होते. रॉबर्ट बॉइलनं १६६२ साली मांडलेला हा नियम. ठरावीक हवेवरचा दाब कमी करा, ती पसरते. वाढवा, ती आकसते.

विमानात याच्या उलट घडतं. बाहेर दहा-अकरा किलोमीटर उंची असते, तिथली हवा श्वासाला पुरणारी नाही, म्हणून आत दाब देऊन हवा भरलेली असते. पण ती जमिनीवरच्या इतकी दाट ठेवत नाहीत, कारण तसं केलं तर विमानाच्या पातळ कवचावर फार ताण येईल. आतला दाब ठेवतात तो साधारण १,८०० ते २,४०० मीटर उंचीवरच्या हवेइतका. आणि महाराष्ट्राचं सर्वांत उंच शिखर, कळसूबाई, आहे १,६४६ मीटर. म्हणजे खिडकी बंद, शाल पांघरलेली, समोर जेवणाचा ट्रे, आणि आजी त्या क्षणी कळसूबाईच्या माथ्याहून विरळ हवेत बसलेल्या असतात! मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा कितीतरी वेळ विश्वास बसला नव्हता.

तर मुंबई विमानतळावर, समुद्राच्या पातळीला, उशी टम्म फुगवली आणि गळ्यात घालून आत बसलात, तर विमान वर गेल्यावर तिच्यातल्या हवेला पाव ते एक तृतीयांश जास्त जागा हवी असते. उशी दगडासारखी होते आणि गळ्याशी आवळते. याच कारणानं कानांना दडे बसतात आणि वेफर्सची पाकिटं फुगतात. म्हणून फुगवायची उशी विमान वर स्थिरावल्यावरच फुगवावी आणि तीही पूर्ण नाही. डोकं ठेवल्यावर थोडी दबली पाहिजे, इतपत. पुरी फुगलेली उशी डोक्याला धरत नाही, ढकलते. विमान उतरू लागलं की ती आपोआप सैल पडते. कुठे गळती लागली असं समजून ती फेकू नका.

यांतली कोणती घ्यावी? मला विचाराल तर ज्यांना सोळा तास सलग बसायचं आहे, आणि वयामुळे मान आधीच कुरकुरते, त्यांनी मागे पातळ आणि पुढे बंद होणारी फोमची घ्यावी. जागा खाते म्हणून कुरकूर करू नये. तीन-साडेतीन तासांच्या दुबईसारख्या प्रवासाला, किंवा सामानाची फारच ओढाताण असेल तर, हवेची. मण्यांची मी लहान मुलांसाठी ठेवेन. त्यांना ती हातात घोळवायलाही आवडते. ज्यांना मानदुखी, हातात मुंग्या किंवा चक्कर असा त्रास आहे, त्यांनी उशीच्या आधी डॉक्टरांना विचारावं.

दुकानात उशी उभ्यानं गळ्यात घालून आरशात बघू नये. खुर्ची मागावी. ताठ पाठीच्या खुर्चीत बसून, डोळे मिटून, मान पूर्ण सैल सोडून दोन मिनिटं थांबावं. डावीकडे, उजवीकडे, पुढे. हनुवटी छातीला लागली तर ती उशी तुमची नाही. श्वास अडला किंवा जबडा वर उचलला गेला तरीही नाही. दुकानदार घाई करेल, करू द्यावी. अभ्रा निघतो का, हेही पाहावं. विमानातली हवा फार कोरडी, आर्द्रता बऱ्याचदा वीस टक्क्यांच्याही खाली. ओठ सुकतात, तोंड उघडं पडतं, आणि अभ्र्याला तेल, क्रीम, लाळ लागतेच. तो धुता आला पाहिजे. आतून सुती असेल तर गळ्याला बरं.

जागा निवडायला मिळाली तर खिडकीची घ्यावी, एका बाजूची फट भिंत भरून काढते. डोकं टेकायच्या भागाला दोन्हीकडे पंख असतील तर ते आत वळवावेत. पुष्कळ विमानांत ते वळतात आणि पुष्कळ प्रवाशांना ते माहीत नसतं. कमरेमागे छोटी गुंडाळी असावी, विमानात मिळणारी उशी त्यासाठी छान. कंबर सरळ राहिली की मान पुढे झुकायचं निम्मं कारण संपतं. आसनाचा पट्टा शालीच्या वरून लावावा, म्हणजे झोपेतून कुणी उठवणार नाही. आणि दर काही तासांनी उठून चालावं. पायांचं रक्त उशीनं फिरत नाही.

तयार उशी अंगाला बसतच नसेल, तर गादी कारखान्यात जावं. हडपसर परिसरात अजून असे कारागीर आहेत, जे मापावर लोड-तक्के भरून देतात. त्यांना ही उशी शिवता येते, फक्त माप नीट द्यावं लागतं. मानेचा घेर आणि त्यावर दोन बोटं सैल. मागचा भाग घडी घातलेल्या टॉवेलपेक्षा जाड नको. दोन्ही बाजू घरी मोजलेल्या अंतराहून दोन-तीन सेंटिमीटर उंच, कारण भराव बसतो. पुढची टोकं हनुवटीखाली एकमेकांवर यावीत इतकी लांब, आणि तिथे नाडी. भराव फोमच्या बारीक तुकड्यांचा, ठासून, चार-पाच कप्प्यांत शिवलेला, म्हणजे तो एका बाजूला पळणार नाही. वर चेन लावलेला सुती अभ्रा. निघायच्या पंधरा दिवस आधी सांगावं आणि मिळाल्यावर घरच्या खुर्चीत दोन-तीन दुपारी त्यात झोपून बघावं. काही टोचत असेल तर कारागीर टाके उसवून भराव कमी-जास्त करून देतो.